पड, कौल आणि आमचे दोन गुंठे

मंडळाच्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, व्याख्यानमाला आणि त्यांमागे झिजलेली माणसे यांची नोंद या स्मरणिकेत अन्यत्र होईलच. आम्ही येथे एका लहानशा जागेची हकीकत सांगण्याचे योजले आहे. ही जागा मंडळाच्या मालकीची नाही, तीवर मंडळाचा फलक नाही, आणि लवकरच तिचे आजचे रूपही पालटणार आहे. एचएसआर लेआउटमधील ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद असा हा भूखंड. २४०० चौरस फूट, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने दोन गुंठ्यांहून किंचित अधिक. चार पावसाळ्यांपूर्वी आम्ही काही सभासद कुटुंबांनी तो हाती घेतला, तेव्हा तेथे पाऊल ठेवावयासही वाट नव्हती. आज तेथे मेथी, शेपू, अळू आणि पावट्याचे वेल आहेत. मधल्या काळात हात मातीत असताना आमच्या ध्यानी आले की, पडीक जमीन हाती घेऊन लावणीस आणणे या कामाला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे काही धागे पुण्याहून थेट बंगळुरास येऊन पोहोचले आहेत. ते धागे एकत्र मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

चार ओळींचा कौलनामा

मंडळाच्या एका जुन्या सभासद कुटुंबाने घर बांधण्याच्या इराद्याने हा भूखंड घेतला होता. पुढे नोकरीच्या निमित्ताने ते कुटुंब दूर गेले, घर बांधणे लांबणीवर पडले आणि जागा तशीच राहिली. शहरात मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही. शेजारच्या बांधकामांचा राडारोडा तेथे येऊन पडला, त्यावर गाजरगवत माजले, कडेने टणटणीची जाळी वाढली आणि एरंड डोक्याच्या वर गेले. शेजाऱ्यांनी डासांच्या, उंदरांच्या आणि मग सापांच्या तक्रारी सुरू केल्या. त्या मालकांच्या कानी गेल्या तेव्हा त्यांनी मंडळास पत्र लिहिले. पत्र अवघ्या चार ओळींचे होते. आम्ही घर बांधावयास घेईपर्यंत जागा वापरावी, कुंपण राखावे, कोपऱ्यातील करंजास हात लावू नये, आणि मागितली की साफ स्थितीत परत द्यावी. भाडे काही नाही.

आमच्यापैकी एक निवृत्त इतिहासशिक्षक आहेत. त्यांनी या पत्रास 'कौलनामा' असे नाव दिले आणि तेच आमच्यात रूढ झाले. नाव थट्टेने दिलेले होते. ते किती अचूक होते, हे आम्हांला पुढे उमगले.

आमच्या आधीची माणसे

एचएसआर हे नाव होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या आद्याक्षरांवरून पडले. बंगळुराची आखीव वाढ करण्याचे काम १९४५ पासून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्डाकडे होते. १९७६ च्या कायद्यान्वये ते बंगलोर डेव्हलपमेंट ऑथॉरिटीकडे आले. या संस्थेने १९८० च्या दशकात शहराच्या आग्नेयेस जी वसाहत आखली, तीच ही सात सेक्टरांची वसाहत. तत्पूर्वी येथे अगरा, हरळुकुंटे, परंगीपाळ्य, मंगम्मनपाळ्य अशा गावांची शेते होती. कन्नडमध्ये 'कुंटे' म्हणजे लहान तळे आणि 'पाळ्य' म्हणजे वस्ती; गावांच्या नावांतूनच येथील पाण्याची आणि माणसांची जुनी मांडणी समजते. आजही सेक्टरांच्या सरळ रस्त्यांवरून चालताना मध्येच एखादी वाकडी गल्ली लागते, घरे दाटीने उभी दिसतात, देवळापुढे कट्टा येतो. ते मूळचे गावठाण होय. वसाहत त्याच्या भोवतीने वाढली.

अगऱ्याचे तळे ही या परिसराची सर्वांत जुनी खूण आहे. मडिवाळच्या तळ्याचे पाणी अगऱ्यास, तेथून बेळ्ळंदूरास, पुढे वर्तूरास आणि अखेर दक्षिण पिनाकिनी नदीस, अशी ही तळ्यांची साखळी आहे. वरचे तळे भरले की सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात यावे, अशी योजना. अगरा येथे गंग राजांच्या काळातील, इसवी सनाच्या नवव्या शतकातील एक कन्नड शिलालेख आहे. तळ्यांना मोऱ्या बसविल्याचा आणि नवे तळे बांधल्याचा त्यात उल्लेख आहे. म्हणजे ज्या मातीला आम्ही 'पडीक' म्हणत होतो, ती हजार-अकराशे वर्षांपूर्वी पाणी अडवून लावणीस आणलेल्या मुलखातील माती होती.

हे आम्हांला पुस्तकातून समजण्याआधी एका वृद्ध गृहस्थांकडून समजले. पहिल्या पावसाळ्यात भूखंडाचा ईशान्य कोपरा सतत चिघळलेला राही. आम्ही दोनदा भराव घातला. दोन्ही वेळा तो खचला. सायंकाळी फिरावयास येणारे, अगरा गावचे एक आजोबा कुंपणापाशी थांबून आमची धडपड पाहत असत. एके दिवशी त्यांनी आमच्या मोडक्यातोडक्या कन्नडची कीव केली आणि हातातील काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखविली. पूर्वी येथे नाचणीची शेते होती, बांध असा गेला होता, आणि पाणी या कोपऱ्यातून तळ्याकडे उतरत असे. बांध गेला, शेत गेले, रस्ता आला. पाणी मात्र आपली वाट विसरले नव्हते. आम्ही भराव काढून टाकला, त्या रेघेवर उथळ चर खणला आणि कोपऱ्यात अळू लावले. तेव्हापासून तो कोपरा आमच्या बागेतील सर्वांत देखणा भाग झाला आहे. ती शेते कोणाची होती, हे आम्ही आजोबांना विचारले. "आमचीच की," एवढेच ते म्हणाले, आणि काठी टेकीत निघून गेले. त्या दिवशी घरी परतताना आम्ही कोणीच फारसे बोललो नाही. भूखंडाचे वाटप होते, त्याच्या आधी जमिनीचे संपादन होते, आणि त्याच्याही आधी कोणी तरी ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या निगुतीने राखलेली असते, हे आम्हांला अक्षरशः मातीतून शिकावे लागले.

पुण्याची पड आणि बंगळूरची जहागीर

आता कौलाकडे वळू. बंगळुराशी मराठी माणसाचा संबंध सांगताना आपण शहाजीराजांचे नाव घेतो. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली केंपेगौडांकडून बंगळूर जिंकले, आणि पुढे ते शहाजीराजांना जहागिरीत मिळाले. १६८७ साली व्यंकोजीराजांनी हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांस तीन लाख रुपयांना देण्याचा व्यवहार केला आणि ते पर्व संपले. हा इतिहास आपण वर्धापनदिनाच्या भाषणांतून अनेकदा ऐकला आहे. परंतु त्याच शहाजीराजांची दुसरी जहागीर, पुण्याची, त्या वेळी कोणत्या अवस्थेत होती, हे बंगळूरच्या संदर्भात सहसा सांगितले जात नाही.

पुणे तेव्हा ओसाड पडले होते. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ते गाव जाळले, त्यावर गाढवाचा नांगर फिरविला आणि पहार रोवली, असे परंपरा सांगते. त्यातच १६३० ते १६३२ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. माणसे परागंदा झाली, शेतांत रान माजले, लांडग्यांचा सुळसुळाट झाला. शहाजीराजे बंगळुरास असताना जिजाऊसाहेब, बाल शिवाजीराजे आणि जहागिरीचे कारभारी दादोजी कोंडदेव यांनी हा मुलूख पुन्हा वसविला. लांडगे मारणाऱ्यास इनाम दिल्याची आणि नव्याने शेत करणाऱ्यास सारा सवलतीने लावल्याची हकीकत बखरींत आहे. सोन्याच्या फाळाने नांगर धरल्याची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. पण मुलूख वसला तो बखरीतील या दुसऱ्या, कमी गाजलेल्या गोष्टींनी.

ही सवलत आपल्या जुन्या महसुली व्यवहारात पुढेही दीर्घकाळ चालू राहिली. लागवडीखालील जमीन ती 'कीर्द' आणि लागवड सुटलेली ती 'पड'. पड जमीन जो हाती घेईल त्याला सरकार 'कौल' देई. कौल म्हणजे अभयाचे लेखी वचन. त्यात सारा 'इस्ताव्या'ने लावलेला असे. पहिल्या वर्षी नाममात्र घ्यावयाचे, दुसऱ्या वर्षी थोडे अधिक, आणि असे चढत चढत काही वर्षांनी पूर्ण धाऱ्यास आणावयाचे. पेशवाईतील कागदपत्रांत अशा कौलांचे दाखले विपुल आहेत. यामागचा विचार अगदी व्यवहारी होता. पडीक रान पहिल्या वर्षी पीक देत नाही. पहिली वर्षे झुडपे तोडण्यात, मुळ्या उपटण्यात आणि दगड वेचण्यात जातात. त्या वर्षी पूर्ण सारा मागितला तर कुणबी जमीन टाकून निघून जातो आणि सरकारच्या पदरात काहीच पडत नाही. जमिनीस आणि माणसास अवधी द्यावा लागतो, हे जाणणारी ही पद्धत होती.

आमच्या मालकांनी भाडे मागितले नव्हते, अवधी दिला होता, आणि परतीची अट घातली होती. तो खरोखरच कौल होता.

गाजरगवताची बखर

ज्या रानाशी आमची गाठ पडली त्यातील मुख्य शत्रू गाजरगवत होते. त्याचाही पुणे-बंगळूर असा इतिहास आहे. मूळ अमेरिका खंडातील ही वनस्पती. भारतात तिच्या प्रसाराकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते १९५५ च्या सुमारास, पुण्यात. अमेरिकेहून पीएल-४८० योजनेत आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सर्वत्र सांगितले जाते. वस्तुतः त्या योजनेखालील भारताचा पहिला करार १९५६ च्या ऑगस्टमधील आहे, म्हणजे पुण्यातील नोंदीच्या नंतरचा. त्याआधी, १९५१ पासूनही अमेरिकन गहू येत होताच. तेव्हा बी धान्यातून आले असणे शक्य आहे, पण दोष एकट्या पीएल-४८० वर ठेवता येत नाही. पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून म्हणा किंवा त्या काळच्या राज्यकर्त्या पक्षावरून म्हणा, लोकांनी त्यास 'काँग्रेस गवत' म्हटले. गंमत अशी की, कन्नडमध्येही त्याला 'काँग्रेस गिडा' असेच म्हणतात. दोन भाषांनी मिळून वापरलेला हा एक शब्द आमच्या फार उपयोगी पडला. मजुरांशी आणि शेजाऱ्यांशी आमचे पहिले संभाषण त्यानेच सुरू झाले.

हे गवत इतके का माजते, याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. एक झाड हजारो बिया धरते. पंधरा-वीस हजारांचा आकडा सामान्यतः दिला जातो. बी हलके असल्याने वारा, पाणी आणि मालमोटारींची चाके यांबरोबर ते पसरते. उगवल्यापासून महिन्याभरात झाड फुलावर येऊ शकते. त्याच्या अंगातील पार्थेनिन हे द्रव्य आसपासच्या इतर रोपांची वाढ खुंटविते. गुरे ते खात नाहीत. काही माणसांच्या त्वचेस त्यामुळे तीव्र दाह होतो. पुण्याकडील रुग्णांवरून अशा साथीच्या स्वरूपाच्या त्वचारोगाचे वर्णन १९७४ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. बंगळूर परिसरातही रस्त्यांच्या कडा आणि आखून ठेवलेले रिकामे भूखंड ही या गवताची आवडती ठिकाणे झाली. शेत मोडावयाचे, माती उकरावयाची आणि घर मात्र पुढे केव्हा तरी बांधावयाचे, या रीतीने आपणच त्याला आयती जागा करून दिली.

त्याच्या बंदोबस्ताचा एक मोठा प्रयोगही याच शहरात झाला. गाजरगवताची पाने खाणारा झायगोग्रामा नावाचा छोटा भुंगेरा मेक्सिकोहून १९८३ साली आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये बंगळुरात सोडण्यात आला. काही वर्षांत त्याने शहराभोवतीचे गवत पावसाळ्यात फस्त करण्यास प्रारंभ केला. १९९० नंतर तो सूर्यफुलावर दिसल्याने शेतकऱ्यांत खळबळ उडाली आणि त्याची चौकशीही झाली. पण भुंगेरा येथे कायमचा रुळला. आम्ही प्रथम जेव्हा आपल्या भूखंडावर ते पिवळसर, तपकिरी नक्षीचे किडे पाहिले तेव्हा औषध फवारण्याच्या बेतात होतो. एका कृषिपदवीधर सभासद भगिनींनी वेळीच थांबविले. परक्या रानास परका किडा आणून आवरण्याची ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. १७९५ साली तांबड्या रंगासाठी ब्राझीलहून आणलेला कोशिनीलचा किडा चुकीच्या जातीचा निघाला, रंग देईना, पण निवडुंगाची बने त्याने खाऊन टाकली. पुढे १९२६ साली श्रीलंकेहून आणलेल्या त्याच्या भाऊबंदाने दक्षिण भारतातील दुसऱ्या जातीचा निवडुंग आटोक्यात आणला.

भुंगेऱ्यावर सर्व भार टाकून मात्र चालत नाही. तो पावसाळ्यात काम करतो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत झोपतो. गवत तसे झोपत नाही.

साफसफाई आणि आमची चूक

आमचे पहिले वर्ष उत्साहात आणि अज्ञानात गेले. दिवाळीनंतर आम्ही कोयते, विळे, कुदळी, पहारी आणि घमेली घेऊन जमलो. पाच रविवारांत रान भुईसपाट केले, छायाचित्रे काढली, चहा घेतला. कापलेले गवत कोपऱ्यात रचून त्याचे खत करावयाचे ठरविले. चूक येथे झाली. गवत फुलावर येऊन बी धरल्यानंतर आम्ही ते कापले होते, आणि ढिगात पुरेशी ऊब न धरल्याने बी जिवंत राहिले. ते खत आम्ही प्रेमाने साऱ्या भूखंडावर पसरले. वळवाच्या पावसानंतर जे उगवले त्याने आमची मान खाली गेली. आधी नव्हते तेथेही गाजरगवत होते. दोघा सभासदांच्या हातांवर पुरळ उठले ते निराळेच. त्या उन्हाळ्यात निम्मी कुटुंबे येईनाशी झाली, आणि कौल परत करावा असा ठरावही एका बैठकीत चर्चेस आला.

तेव्हा त्या निवृत्त शिक्षकांनी इस्ताव्याची आठवण दिली. "पहिल्या वर्षी सरकारनेही पूर्ण सारा मागितला नसता, आपणच आपल्याकडे का मागावा?" असा त्यांचा प्रश्न होता. ठराव बारगळला आणि रीत बदलली.

दुसऱ्या वर्षीपासून आम्ही सर्व भूखंडास एकदम हात घालणे सोडले. दर हंगामास एक पट्टा घ्यावयाचा, तो पूर्ण करावयाचा आणि मगच पुढे सरकावयाचे. गवत फुलावर येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावयाचे. फुलण्यापूर्वी उपटलेले गवत खताच्या खड्ड्यात घालण्यास हरकत नसते. फुललेले कदापि नाही. टणटणी नुसती छाटून भागत नाही. बुडख्यापासून ती पुन्हा फुटते, म्हणून पहारीने खोड उकरावे लागते. राडारोड्यातील विटांचे तुकडे वेचून त्यांच्या पायवाटा केल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, साफ केलेली जमीन एक आठवडाही उघडी ठेवावयाची नाही. उघडी माती ही गाजरगवतास दिलेले आमंत्रणच होय.

येथे कोकणाने साहाय्य केले. टाकळा हा गाजरगवतास दाबून टाकतो, असे कृषितज्ज्ञ सांगतात. रत्नागिरीकडील एका कुटुंबाने टाकळ्याचे बी आणले. ते आम्ही कुंपणाच्या कडेने फेकले. पहिल्या पावसात टाकळा दाट उगवला, गवत मागे हटले, आणि कोवळ्या पाल्याची भाजी बंगळुरात प्रथमच आमच्या पानांत पडली. अगऱ्याच्या आजोबांनी तो पाहताच ओळखला; "तगचे" म्हणाले. आम्ही ज्याला गावाकडची खूण समजून जपत होतो ते त्यांच्याही बांधावरचे जुने झुडूप होते. मधल्या पट्ट्यांत झेंडू, मेथी, शेपू आणि घेवडा आला. हिवाळ्यात कुंपणावर पावट्याचे वेल चढविले. येथे त्याच्या दाण्यांस 'अवरे' म्हणतात आणि थंडीच्या दिवसांत सारे बंगळूर त्यांच्या वासाने भरून जाते. आजोबांनी एका सालास मूठभर नाचणी दिली. ती पेरली, कापली आणि त्यांच्याच घरी पोहोचविली.

जगाच्या पाठीवर

परक्या जमिनीचा तुकडा मुदतीने घेऊन त्यावर भाजी पिकविणे, ही प्रथा इतरत्रही रुजलेली आहे. जर्मनीतील लाइपझिग येथे १८६४ साली डॉ. श्रेबर यांच्या नावाने संस्था निघाली आणि मुलांच्या क्रीडांगणाच्या कडेने केलेल्या वाफ्यांतून कुटुंबांच्या बागा निर्माण झाल्या. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने स्थानिक मंडळांवर मागणी असेल तेथे नागरिकांस असे तुकडे देण्याचे कर्तव्य घातले. तेथील तुकड्याचे परंपरागत माप सुमारे २५० चौरस मीटर. आमचा भूखंड त्याहून थोडाच लहान भरतो. दुसऱ्या महायुद्धात त्या तुकड्यांनी शहरांस भाजी पुरविली, आणि आपल्याकडेही १९४२ नंतर 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेत बंगल्यांच्या हिरवळी नांगरल्या गेल्या.

आपल्या महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकर (१९२४–२००१) यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे, थोड्या जागेत, घरच्याच पालापाचोळ्यावर पीक घेण्याचे शास्त्र सामान्य माणसांच्या हाती दिले. बंगळुरात डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी १९९० च्या दशकापासून गच्चीवरील बागेचे वर्ग घेऊन हजारोंना या मार्गास लावले. खुद्द एचएसआर लेआउटमध्ये ओल्या कचऱ्यापासून खत करण्याची प्रात्यक्षिके दाखविणारे 'स्वच्छाग्रह कलिका केंद्र' उभे राहिले. कन्नडमध्ये 'कलिका' म्हणजे शिकणे. आमच्या खताची चूक दुरुस्त करण्यास अशा माणसांचे ज्ञान उपयोगी पडले.

उपरी आणि मिरासदार

जुन्या गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत. ज्याची जमीन वंशपरंपरेची तो मिरासदार, आणि बाहेरगावाहून येऊन मुदतीने कसणारा तो उपरी. उपऱ्यास गावच्या मानपानात स्थान नसे. परंतु एखादे घराणे गेले, त्याची जमीन 'गतकुळ' म्हणून पडली, आणि उपऱ्याने ती पिढीभर इमानाने राखली, तर गाव आणि सरकार त्यास मिरासपत्र करून देत असे. उपरी कायमचा उपरी राहिलाच पाहिजे असा नियम नव्हता. तसाच, केवळ आल्याने तो मिरासदार होत नसे.

दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा भेद अंतर्मुख करणारा आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले ते या शहरात उपरी होते. त्यांच्या नातवंडांचा जन्म येथला. ती मराठी बोलतात तीत कन्नडचा हेल असतो, आणि इंग्रजी तर असतेच. ती कोठली, असा प्रश्न आपण गणेशोत्सवाच्या मांडवात चिंतेने विचारतो. बागेत मात्र त्या मुलांनी तो प्रश्न आपल्या परीने सोडविलेला आम्ही पाहिला. आजोबांशी ती अस्खलित कन्नडमध्ये बोलत, आम्हांला मराठीत सांगत, आणि टाकळ्याची दोन्ही नावे त्यांना पाठ होती. आमच्या व आजोबांच्या मधला दुभाषा तीच होती. बंगळुरात आपण मिरास मागावयाची तर ती शहाजीराजांच्या जहागिरीच्या आधारे मागता येणार नाही. ती जहागीर १६८७ सालीच संपली. येथील पाण्याची वाट विचारून घेणे, येथील माणसाचे ऋण मानणे आणि हाती आलेला तुकडा आधीपेक्षा बऱ्या स्थितीत ठेवणे, एवढीच तिची किंमत आहे, आणि ती हप्त्याहप्त्यानेच फेडावी लागते.

कौलाची मुदत

हा मजकूर लिहीत असता मालकांचे दुसरे पत्र आले आहे. त्यांची मुले बंगळुरास परतत आहेत आणि येत्या पाडव्यानंतर बांधकाम सुरू करण्याचा त्यांचा मानस आहे. त्यांनी मोठ्या संकोचाने लिहिले आहे. संकोचाचे काही कारण नाही. वाईट वाटत नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. अळवाचा कोपरा, विटांची पायवाट आणि चार वर्षांत काळी पडू लागलेली ती लाल माती पायाच्या खड्ड्यांत जाईल. करंज तेवढा राखण्याचे त्यांनी आश्वासन दिले आहे, आणि पाण्याच्या उताराची आजोबांनी दाखविलेली रेघ आम्ही त्यांच्या वास्तुकारास नकाशावर काढून दिली आहे.

इस्ताव्याची मुदत संपली की पूर्ण धारा द्यावा लागतो. आमचा धारा म्हणजे जागा साफ करून वेळेवर परत देणे, आणि तो आम्ही देऊ. वरच्या थरातील माती पोत्यांत भरून ठेवण्यास आरंभ झाला आहे; टाकळा, पावटा आणि नाचणी यांचे बी नावे लिहून बरण्यांत ठेविले आहे. आमच्याच सेक्टरात, दोन रस्ते सोडून, गाजरगवताने भरलेला दुसरा एक भूखंड आहे. त्याच्या मालकांचा पत्ता मिळाला असून त्यांस पत्र धाडले आहे. उत्तर आल्यास पहिल्या रविवारी कोणी काय आणावे, याची यादी मंडळाच्या सूचनाफलकावर लावण्यात येईल. हातमोजे प्रत्येकाने स्वतःचे आणावेत.